दुसऱ्याचा एडका

हैदराबादच्या मोठ्या पाळण्यात मी कधी बसलो नव्हतो, आणि बसलो होतो असं मी सगळ्या बोरी गावाला सांगितलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ही थाप आता काही गुपित राहिलेली नाही. गावातली जुनी माणसं अजून भेटली की विचारतात, काय बापूराव, वरून हैदराबाद कसं दिसतं? आणि हसतात. हसू द्या. पण त्या थापेच्या पोटात दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. वडिलांना तर नाहीच. सांगू सांगू म्हणता माझे दात पडले. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तुम्हाला सांगतो आहे. फक्त एक ठरवून बसा. मी रडणार नाही. तुम्ही मला समजून घ्यावं अशीही माझी अपेक्षा नाही.

तर, निजामाची अमदानी होती. पुढची गडबड अजून सुरू व्हायची होती. मी विशी ओलांडलेला, उर्दू शाळेत चार इयत्ता काढलेला, त्यामुळे बोलण्यात दोन फारसी शब्द घुसडून समोरच्याला गप्प करणारा. मामाचं कोर्टाचं काम निघालं म्हणून त्याच्यासोबत हैदराबादला गेलो. तिथल्या नुमाइशीत, म्हणजे मोठ्या प्रदर्शनात, तो पाळणा पाहिला. पाहिला म्हणजे काय — खाली उभा राहून मान दुखेस्तोवर पाहिला. मामा म्हणाला, बस की. मी म्हणालो, जेवण जड झालंय. मामा हसला नाही, हे त्याचे उपकार.

गावात परत आल्यावर पारावर विषय निघाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बसलो तर. वरून चारमिनार पायाखाली दिसतो, विड्याच्या डबीएवढा." आता मला सांगा, एकदा चारमिनार डबीएवढा केला की माणूस मागं कसा फिरणार? मी पुढंच गेलो. वारा कसा लागतो, पोट कसं वर येतं, निजामाच्या फौजेतला एक शिपाई माझ्या शेजारी बसून कसा रडला, सगळं सांगितलं. शिपाई तर मी जागच्या जागी तयार केला. अजून मला तो दिसतो, मिशीवाला.

ऐकणाऱ्यांत सुभाना होता. त्याची ओळख नीट करून द्यायला हवी.

सुभाना धनगराचा. माझ्याच वयाचा. सुगी झाली की त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची. मेंढरं रात्रभर बसली की काळ्या रानाला खत होतं, त्याबद्दल माझे वडील त्यांना ज्वारी द्यायचे, आणि बाकीचं वर्ष आमच्या पडीक रानात चारू द्यायचे. म्हणजे त्या घराची चूल आमच्या बांधावर पेटत होती, असं म्हणा. सुभाना मला अरे-तुरे करायचा, ओढ्यात माझ्यासोबत पोहायचा — म्हणजे तो पोहायचा, मी काठानं पाय मारायचो — पण माझ्या वडिलांसमोर आला की हात बांधून उभा राहायचा. हे ध्यानात ठेवा.

आणि त्याच्याकडे सरदार होता. सरदार म्हणजे एडका. काळ्या तोंडाचा, वळून पुन्हा वळलेल्या शिंगांचा. त्याची आई व्यायली आणि मेली, म्हणून सुभानानं त्याला शेळीच्या दुधावर बोटानं पाजून वाढवला. मेंढराची जात कशी असते, पाण्यात पाय घालत नाही. नदीला गुडघाभर पाणी असलं तरी कळप काठाला खिळून उभा राहतो. मारा, ओरडा, काही उपयोग नाही. सरदार मात्र गळ्यातली घंटी वाजवत सरळ पाण्यात शिरायचा, आणि तो शिरला की सगळा कळप त्याच्या मागं. पावसाळ्यात चारा पलीकडच्या काठाला असतो. तेव्हा त्या घराचं अर्धं पोट सरदाराच्या पायांवर चालायचं म्हटलं तरी चालेल. सुभाना त्याच्याशी बोलायचा. मी ऐकलेलं आहे. आमच्यापेक्षा जास्त बोलायचा.

त्या वर्षी बातमी आली की परभणीच्या उरसात मोठा पाळणा लागलाय. चिंचेच्या झाडाहून उंच, आठ पेट्यांचा. गावानं माझ्याकडं बघितलं. का बघणार नाही? गावात एकटा अनुभवी माणूस मीच होतो.

आम्ही दोन गाड्या जुंपून आदल्या संध्याकाळी निघालो, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तेव्हा परभणीत पोचलो. माझे वडील नव्हते; ते माळकरी, पण उरसाला त्यांची ना नसे. दर्ग्याला नारळ-साखर आमच्याही घरातून जायची. सुभानाची आई होती, धुरपामाय. तिला सगळं गाव धुरपामाय म्हणायचं आणि सगळं गाव थोडं भ्यायचं, कारण ती बोलायची कमी आणि बोलली की ते महिनाभर अंगावर राहायचं.

पाळण्याखाली उभं राहिलो तेव्हा माझ्या पोटात हैदराबादचंच ते जेवण पुन्हा जड झालं. सगळ्या गावासमोर सुभाना मला म्हणाला,

"बापू, तू तर बसल्याला हायस. मला जरा धरून बस. मला आत्ताच भ्या वाटायलंय."

असा माणूस होता. भीती वाटली की वाटते म्हणून सांगायचा, जसं भूक लागली की लागली म्हणतात. मला ते तेव्हा बावळटपणाचं वाटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारायची मला सवयच.

यंत्रबिंत्र काही नव्हतं. चार दणकट माणसं पाळण्याच्या लाकडांवर माकडासारखी चढायची आणि आपल्या वजनानं तो फिरवायची. एक एक पेटी खाली आणायची, माणसं भरायची, मग पुढची. म्हणजे जो आधी बसला तो, बाकीच्या भरेपर्यंत, वर टांगलेला. हे मला ठाऊक नव्हतं. हैदराबादेत बसलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं, नाही का?

"बैठो मालक, आरामसे बैठो. हिलो नक्को," पाळणेवाला म्हणाला आणि आडवी दांडी लावून घेतली.

पेटी वर जाऊ लागली. पहिल्यांदा खालच्या लोकांची डोकी दिसली, मग दुकानांचे कापडी मांडव, मग दर्ग्याचा घुमट आमच्या बरोबरीला आला, मग आमच्या खाली गेला. आणि अगदी माथ्यावर पाळणा थांबला. पेटी मागं-पुढं झुलायला लागली. लाकूड कुरकुरलं. माझ्या शेजारी सुभाना — ज्याला भ्या वाटत होतं तो — दोन्ही हात सोडून इकडं-तिकडं बघत होता आणि म्हणत होता, "आरं, ती बघ रेलची पटरी. आरं, ते बघ." त्याची भीती खालीच राहिली होती. मी ती सगळी उचलून वर आणली होती, माझी धरून.

मी काय केलं? सांगतो. मी डोळे मिटले आणि नवस बोललो.

इथं मला जरा थांबू द्या, कारण माणसाची अक्कल अशा वेळी कशी चालते हे सांगण्यासारखं आहे. पहिल्यांदा मनात नारळ आला. पण नारळ एवढ्या उंचीला पुरेल असं वाटेना. नारळ म्हणजे बांधावरून पडलो असतो तर ठीक. मोठं काहीतरी हवं होतं. आमच्याकडं पिराला कंदुरी करतात — बोकड नाहीतर एडका न्यायचा, बाबाच्या दारात कापायचा, चार माणसांना जेवू घालायचं. पण आमच्या घरात वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या दावणीचं बोकड बोलायची सोय नव्हती. तेवढ्या वर, तेवढ्या भीतीत, एवढा हिशेब मी नीट केला. आणि मग मला माहीत असलेल्या जनावरांत सगळ्यांत थोर जे जनावर होतं, त्याचं नाव घेतलं. मनातल्या मनात घेतलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. मी ओरडलो.

"बाबा, खाली उतरव. सरदार देतो तुला. सरदार देतो."

नेमका त्या वेळी खालचा बाजा थांबलेला होता.

आवाज बारीक होऊन फाटला होता. तो माझा आहे हे माझ्या आईलाही कळलं नसतं. पण शब्द खाली पोचले. पाळणा फिरला, किती वेळा ते मला विचारू नका. उतरलो तेव्हा आमचं गाव गोल करून उभं होतं आणि धुरपामाय पुढं, हातात आमची पायताणं घेऊन.

"कोन बोललं रं ते?" तिनं विचारलं.

आता ऐका. आमच्याकडं रीत अशी, की परक्याच्या जनावराचा नवस लागत नाही. ज्याच्या तोंडून निघाला त्यानं आपल्या घरचं जनावर द्यायचं. मी "मी बोललो" म्हटलं असतं तर काय झालं असतं? लोक हसले असते. हैदराबादचा शिपाई उघडा पडला असता. वडिलांनी दोन रट्टे दिले असते आणि गुपचूप कुठून तरी एक एडका आणून कंदुरी उरकायला लावली असती, आपण त्या दिवशी उपास धरून. बस. एवढंच होतं. कुणी मरणार नव्हतं — सरदारसुद्धा नाही. पण ज्याचा एडका त्यानंच जर बोललेला, तर मग सुटका नाही. नाव घेतलेलं ते जनावर बाबाचं.

हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या ठाऊक होतं. मला कळलं नाही, सुचलं नाही, घाबरलो होतो, पोरवय होतं, असलं काही मी सांगणार नाही. मला नीट कळत होतं. आणि मी म्हणालो,

"सुभाना भ्याला, माय. लय भ्याला."

झालं. हेच ते. एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली.

सुभानानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तुम्हाला वाटेल रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं — छे, मला काही बरं-बिरं वाटलं नसतं, मी त्याचाही राग केला असता. तो नुसता बघत राहिला, मी पुढं काही बोलतोय का याची वाट बघत. मी खाली वाकून पायताण घालायला लागलो. मग तो म्हणाला,

"व्हय, माय. भ्यालो."

का म्हणाला? ते तुम्हाला ठाऊक आहे. मेंढरं कुणाच्या रानात बसायची ते मी आधीच सांगितलंय. मालकाच्या पोराला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडणार? मला तेही ठाऊक होतं. खरं म्हणजे मी त्याच्यावरच उभा होतो.

परतीच्या वाटेत गाड्यांमध्ये नुसता हशा. सुभानाचं नाव त्या दिवशी 'नवशा' पडलं. त्याच्या लग्नातसुद्धा बायका नवशाची नवरी म्हणून चिडवत होत्या. आणि मी? मी तर गाडीत बसल्या बसल्या सांगितलं की मी त्याला धरून ठेवलं म्हणून बरं, नाहीतर उडीच टाकत होता. चांगलं रंगवून सांगितलं. रंगवून सांगणं ही माझी देणगी आहे, ती मी वाया घालवत नाही.

घरी गेल्यावर धुरपामायनं सरदाराच्या शिंगाला हिरवा धागा बांधला. पुढच्या जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, उरूस उठायच्या आत, कंदुरी ठरली. मधले दिवस मला मिळाले होते. रोज सकाळी उठून मी सांगू शकत होतो. रोज सकाळी मी उठून चहा प्यालो.

त्यांच्याकडं गाडी नव्हती. सरदाराला परभणीला न्यायला गाडी आमची गेली, आणि हाकायला मी गेलो. वडिलांनीच पाठवलं — सुभानाच्या घरचं कार्य, जा म्हणाले. रस्ताभर सुभाना मागं बसून एडक्याच्या कानामागं खाजवत होता. सरदार मधेच उठायचा आणि माझ्या धोतराचा सोगा चघळायचा. मी तो ओढून घ्यायचो, तो पुन्हा धरायचा. एक अख्खा रस्ता होता माझ्याकडं. मी बैलांना शिव्या देत राहिलो. बैलांचा काही दोष नव्हता.

मुजावरानं फातेहा दिला. पुढचं मी बघितलं नाही. चिलीम ओढायला गाडीमागं गेलो. जेवायला मात्र बसलो. माळकऱ्याचा पोरगा मी, पण बाहेर खात होतो, आणि कंदुरीला नाही म्हणायचं नसतं. ज्वारीची भाकरी, लाल रस्सा, वरून तर्री. सुभाना वाढत होता. त्यानं स्वतः घेतलं नाही. माझ्यापाशी येऊन वाकला आणि विचारलं,

"मीठ बरं पडलंय का, बापू?"

मी म्हणालो, जरा कमी हाय.

हे वाचून तुम्ही पान मिटलं तरी माझी हरकत नाही. पण मीठ खरंच कमी होतं, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चव आठवत नाही म्हणालो तर ती आणखी एक थाप होईल. चांगलं झालं होतं.

मग पावसाळा आला आणि भादव्यात नदीला पाणी चढलं. चारा पलीकडं. कळप काठाला येऊन उभा राहिला, सवयीनं घंटी कुठं वाजते याची वाट बघत. दुसरा एक एडका होता, तो पाण्याचा वास घ्यायचा आणि मागं फिरायचा. सुभानानं काय करावं? त्यानं सरदाराची घंटी स्वतःच्या गळ्यात बांधली, कमरेएवढ्या पाण्यात उतरला, आणि वाकून, मान हलवत, घंटी वाजवत चालायला लागला. मेंढरं जरा थबकली आणि निघाली त्याच्या मागं. तेव्हापासून रोज सकाळी तो तसा पलीकडं जायचा आणि दिवस कलायच्या आत तसाच परत यायचा. काठावरची बाया-माणसं हसायची. नवशाचा एडका झाला, म्हणायची. तोही हसायचा.

मी आमच्या रानातून रोज ते बघायचो. ती घंटी ऐकू आली की मी तोंडानं काहीतरी बडबडायला लागायचो, गड्याला हाक मारायचो, बैलाला हाक मारायचो. आणि तरी सांगितलं नाही. सांगून आता सरदार थोडाच उठणार होता, असं स्वतःला म्हणायचो. सोयीचं होतं ते. तो वाचणार होता तेव्हाही मी गप्पच होतो की.

एक दिवस सुभानाच्या अंगात ताप होता. काठावर घोंगडी पांघरून बसला होता, आणि मेंढरं उपाशी ओरडत होती. धुरपामाय शेजारी, मांडीवर एक कोकरू घेऊन. मी तिथं गेलो. कशाला गेलो? पुण्य कमवायला? तसं समजू नका. रोजच्या त्या घंटीचा मला वीट आला होता, आणि एकदा आपणच ती वाजवून टाकावी म्हणजे कटकट संपेल, असं वाटलं असेल. म्हणालो, "दे इकडं. मी जातो म्होरं."

सुभानानं एकदा आईकडं बघितलं आणि घंटी काढून माझ्या गळ्यात बांधली. दोरी जाड होती, मेंढराच्या वासाची.

मी उतरलो. गुडघ्यापर्यंत मी सरदार होतो. मान हलवली, घंटी वाजवली, मागं कळपाची चुळबुळ ऐकू आली, आणि मला वाटलं, अरे, हे तर जमतंय. मांडीपर्यंत पाणी आलं. मग कमरेला लागलं, आणि तळाची वाळू पायाखालून हलली, नुसती हलली — आणि माझ्या तोंडून तो आवाज निघाला. तोच. बारीक, फाटलेला. "बाबा, काढ मला. देतो तुला, देतो —" काय देणार होतो कुणास ठाऊक. या खेपेला दुसऱ्याचं काही उरलं नव्हतं.

सुभाना तापाच्या अंगानं पाण्यात धावला आणि घंटीच्या दोरीला धरून त्यानं मला मागं ओढलं, जसं जनावर ओढतात. काठावर आलो तेव्हा धोतर अर्धं नदीत होतं. मेंढरं माझ्याकडं बघत होती. सुभाना माझ्याकडं बघत नव्हता, खाली बघून पाणी पिळत होता.

धुरपामाय बघत होती. तो आवाज तिनं याआधी एकदा ऐकला होता, पाळण्याच्या खाली उभं राहून. तिच्या चेहऱ्यावर तो पोचताना मी बघितला. तिनं कोकरू खाली ठेवलं, उठली, माझ्या गळ्यातली घंटी सोडली, आणि स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली. लुगड्याचा काष्टा खोचला. पाण्याकडं तोंड केलं.

"तू मागं चाल, बापू," ती म्हणाली. "म्होरं व्हायला एडका लागतो."